अंगावर पाजताना पाळी कधी येते, दिवस कधी राहू शकतात: बाळंतपणानंतरच्या वर्षासाठी मार्गदर्शक

बाळ अंगावर पितंय, पाळी अजून आलेली नाही, मग दिवस राहायची भीती नाही, असं बाळंतिणीला घरोघरी सांगितलं जातं. आई सांगते, सासू सांगते, जाऊ स्वतःचा अनुभव सांगते. यात बरंच खरं आहे. पण ते खरं ठरायला तीन अटी लागतात आणि त्या सहसा कुणी सांगत नाही. मग मूल दहा महिन्यांचं असताना, मधे एकदाही पाळी न येता, पोटात दुसरं वाढत असल्याचं कळतं. आणि बोल बाईलाच लागतो.

या तीन अटी कोणत्या, त्यांच्यावर कधीपर्यंत भरवसा ठेवायचा, तो कधी सोडायचा आणि त्याआधी दुसरी कोणती सोय करून ठेवायची, ते इथे क्रमाने लिहिलं आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा: स्त्रीबीज आधी बाहेर पडतं आणि पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. त्यामुळे बाळंतपणानंतरची पहिली पाळी येण्याआधीच दिवस राहू शकतात. "पाळी आली की बघू" असं ठरवलं, तर बघायची वेळ कदाचित निघून गेलेली असेल.

शरीरात नेमकं काय चालतं

बाळ स्तनाग्र ओढतं तेव्हा तिथल्या मज्जातंतूंमधून मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाकडे संदेश जातो. त्यातून दोन कामं होतात. प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही संप्रेरकं (हार्मोन्स) वाढतात. प्रोलॅक्टिनने दूध तयार होतं, ऑक्सिटोसिनने पान्हा फुटतो. त्याच वेळी बीजांडकोशाला "स्त्रीबीज पिकव" असं सांगणारी संप्रेरकांची साखळी मंदावते. एलएच हे संप्रेरक ठरावीक लयीत स्रवलं तरच बीज पिकून बाहेर पडतं. चोखण्याने ती लयच बिघडते. बीज नाही म्हणून पाळी नाही, आणि तोवर गर्भही नाही.

म्हणजे महत्त्व दुधापेक्षा चोखण्याला आहे. किती दूध येतं यावर पाळी ठरत नाही. बाळ किती वेळा, किती अंतराने आणि किती जोर लावून ओढतं, यावर ती ठरते. भरपूर दूध असलेल्या बाईचं बाळ रात्री सलग आठ तास झोपत असेल, तर तिची पाळी लवकर येऊ शकते. दूध जेमतेम असलेल्या बाईचं बाळ दर दोन तासांनी लागत असेल, तर तिची पाळी लांबू शकते. रात्रीच्या पाजण्याने प्रोलॅक्टिन अधिक वाढतं, म्हणून रात्रीचं पाजणं सुटलं की चित्र झपाट्याने बदलतं.

आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात शिकार करून आणि फळं-कंद गोळा करून जगणाऱ्या कुंग लोकांचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या आया बाळाला सतत अंगाशी ठेवत, तासातून अनेकदा, थोडा थोडा वेळ पाजत आणि हे वर्षानुवर्षं चाले. गर्भनिरोधकं वापरत नसतानाही त्यांच्या दोन मुलांमध्ये सरासरी ४४ महिन्यांचं अंतर असे. आपल्या आज्या-पणज्यांच्या "दूध तुटेपर्यंत दिवस जात नसत" या सांगण्याला अशाच पाजण्याचा आधार होता. आज आपण तसं पाजत नाही. बाळ पाळण्यात वेगळं झोपतं, तोंडात चोखणी असते, बाहेर जाताना पिशवीत बाटली असते. अनुभव आजीचा आणि पाजणं आजचं, अशी जोडी जमत नाही.

पहिली पायरी: अंगावरून जाणं आणि पाळी यातला फरक ओळखा

बाळंतपणानंतर साधारण चार ते सहा आठवडे अंगावरून जातं. सुरुवातीला लालभडक, मग तपकिरी किंवा गुलाबीसर, शेवटी पिवळट-पांढरं. ही पाळी नव्हे. गर्भाशयाचं आतलं अस्तर झडून जखम भरून येत असते. पाजायला घेतल्यावर ओटीपोटात कळ येते आणि त्या वेळी जरा जास्त जातं, तेही ऑक्सिटोसिनने गर्भाशय आवळल्यामुळे. सिझर झालेल्या बाईलाही हे असंच होतं. पाळी परतण्याच्या बाबतीत सिझर आणि नैसर्गिक बाळंतपण यांत फरक नाही.

सहाव्या-सातव्या आठवड्यात थांबलेलं रक्त पुन्हा थोडं दिसतं आणि बऱ्याच जणी गोंधळतात. साधा नियम असा: बाळ पूर्णपणे अंगावर असेल, तर पहिल्या ५६ दिवसांतलं रक्त पाळी म्हणून धरू नका. त्यानंतर सलग दोन दिवस रक्त गेलं, किंवा तुमच्या मनाने "ही पाळीच" असं सांगितलं, तर ती पाळी समजा. पहिल्या पाळीच्या वेळी बीज सुटलेलं नसेलही, पण ते बाहेरून कळत नाही. त्या दिवसापासून तुम्हाला दिवस राहू शकतात असंच धरून चाला.

बाळंतपणाची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिथून ५६ वा दिवस मोजून खूण करा. "दोन महिने झाले असतील" असा अंदाज इथे कामाचा नाही, आणि जागरणाच्या त्या दिवसांत तारखा लक्षातही राहत नाहीत.

दुसरी पायरी: तीन अटी तपासा

१९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ गावी या विषयाचे अभ्यासक जमले आणि जगभरातल्या नोंदी ताडून त्यांनी निष्कर्ष काढला: तिन्ही अटी पाळल्या जात असतील, तर पहिले सहा महिने पाजण्यामुळे गर्भधारणेपासून ९८ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळतं. पुढे यालाच रीतसर पद्धतीचं रूप आलं. सरकारी दवाखान्यात ती लॅम (लॅक्टेशनल अॅमेनोरिया मेथड, म्हणजे पाजण्यामुळे पाळी लांबण्यावर आधारलेली पद्धत) या नावाने ओळखतात.

पहिली अट, पाळी परत आलेली नाही.

दुसरी अट, बाळ पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावर आहे. दिवसा दोन पाजण्यांमध्ये चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून जास्त अंतर पडत नाही.

तिसरी अट, बाळ सहा महिन्यांच्या आत आहे.

तिन्ही अटी एकाच वेळी लागू हव्यात. तीनपैकी दोन पाळल्या म्हणजे दोन-तृतीयांश संरक्षण मिळालं, असा हिशेब नाही. एक अट मोडली की भरवसा संपला. दर रविवारी स्वतःला तीन प्रश्न विचारा: ५६ दिवस उलटल्यावर या आठवड्यात पाळीसारखं रक्त दिसलं का? औषधाच्या थेंबांपलीकडे बाळाला वरचं काही दिलं का, किंवा पाजण्यात मोठं अंतर पडलं का? बाळाला सहा महिने झाले का? एकाचंही उत्तर "हो" आलं, तर त्याच दिवसापासून दुसरं साधन वापरा.

जी आई अजिबात पाजत नाही, तिला चौथ्या आठवड्याच्या सुमारासही बीज सुटू शकतं. वीर्यातले शुक्राणू शरीरात काही दिवस टिकतात हे धरून, अशा आईने बाळंतपणानंतर २१ व्या दिवसापासून साधन वापरावं. बाळ अतिदक्षता विभागात असल्याने किंवा दूधच न आल्याने जिला वरचं दूध द्यावं लागलं, तिला हे कुणी आवर्जून सांगत नाही. सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. तुमच्या घरात अशी आई असेल, तर तिला तुम्ही सांगा.

तिसरी पायरी: घुटी, पाणी आणि चमचाभर वरचं दूध

दुसरी अट आपल्याकडे सर्वात आधी मोडते, आणि ती मोडल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून या पायरीवर जरा थांबू.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी सुमारे ६४ टक्के बाळं फक्त आईच्या दुधावर होती. बाकीच्यांना काही ना काही वरचं मिळत होतं. आपल्या घरांत ते काय असतं हे आपल्याला माहीत आहे: सकाळची घुटी, उन्हाळ्यात "घशाला कोरड पडेल" म्हणून दोन चमचे पाणी, जन्मल्याबरोबर चाटवलेला मध, पोट दुखतं म्हणून ग्राइप वॉटर, आई अंघोळीला गेली म्हणून वाटीभर गाईचं दूध. बाळाच्या दृष्टीने यातल्या कशाचीच गरज नाही. आईच्या दुधात पाणी भरपूर असतं, विदर्भातल्या मे महिन्यातही बाळाला पाजत राहणं पुरतं. मध तर वर्षाच्या आत द्यायचाच नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

पाळीच्या दृष्टीने हिशेब थोडा वेगळा आहे. एखाद्या दिवशी चमचाभर औषध किंवा ड जीवनसत्त्वाचे थेंब दिल्याने काही मोडत नाही. दिवसभरात बाळाचं जे काही पिणं होतं, त्यातलं निदान ८५ टक्के अंगावरचं असेल, तर "जवळजवळ पूर्ण" म्हणता येतं. पण रोज रात्री "बाळ नीट झोपेल" म्हणून बाटली दिली जाते, तेव्हा दोन गोष्टी एकदम घडतात. बाळाचं पोट भरल्याने ते रात्री लागत नाही, आणि ज्या पाजण्याचा परिणाम सर्वाधिक, तेच सुटतं. या एका बाटलीने पद्धत मोडते. चोखणीचंही तसंच. बाळाची चोखण्याची भूक रबरावर भागली, तर तेवढं चोखणं स्तनावर होत नाही.

घरातल्या मोठ्यांशी वाद घालणं बाळंतिणीला जड जातं, हे मला ठाऊक आहे. तिथे आशाताईचा उपयोग होतो. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. घुटी-पाण्याचा विषय तिच्याकडून सासूबाईंच्या समोर काढून घ्या. सुनेने सांगितलेलं आणि आशाताईने सांगितलेलं, दोन्हींचं वजन घरात वेगळं पडतं.

आईच्या खाण्याचं एका ओळीत: अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, शतावरी हे आवडीने खा, पण यांनी पाळी लांबते किंवा लवकर येते असं काही नाही.

चौथी पायरी: कामावर परतताना

२०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. म्हणजे रजा आणि पद्धत दोन्ही साधारण एकाच वेळी संपतात. ज्यांना ही रजा पूर्ण मिळते त्यांचं गणित सोपं आहे. पण घरकाम करणाऱ्या, वीटभट्टीवरच्या, बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला बाळ दोन-तीन महिन्यांचं असतानाच कामावर उभं राहावं लागतं. कंत्राटी नोकरीतल्या अनेकींचीही तीच गत. बाळ पाच तास आजीजवळ राहिलं, की दिवसाच्या चार तासांची मर्यादा ओलांडली जाते.

दूध काढून ठेवणं बाळासाठी उत्तमच. त्याने दूध टिकतं, बाळाला वरचं द्यावं लागत नाही. पण पाळी रोखून धरायला हाताने किंवा पंपाने काढणं बाळाच्या चोखण्याइतकं उपयोगी पडत नाही. चिलीमध्ये नोकरी करणाऱ्या आणि दूध काढून ठेवणाऱ्या आयांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत त्यांच्यात गर्भधारणेचं प्रमाण सुमारे ५ टक्के निघालं, म्हणजे घरी राहून पाजणाऱ्यांच्या मानाने बरंच जास्त. तेव्हा रजा संपून कामावर जायचा दिवस हाच साधन सुरू करायचा दिवस धरा. खरं तर त्याच्या आठवडाभर आधीपासूनच.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि बाई तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सासरी परतते. माहेरी असताना गर्भनिरोधकाचा विचार कुणी करत नाही, कारण नवरा जवळ नसतो. परतल्यावर तो विषय काढायला दोघांनाही अवघड वाटतं आणि पहिले काही आठवडे तसेच जातात. याच काळात प्रवास, जागाबदल आणि पाव्हण्यांमुळे पाजण्याचं वेळापत्रक विस्कटलेलं असतं. माहेराहून निघताना पिशवीत बाळाच्या कपड्यांबरोबर साधनही असू द्या, आणि नवऱ्याशी त्याआधी फोनवर बोलून घ्या.

पाचवी पायरी: उष्टावणाआधी पुढचं साधन ठरवा

सहा महिने पूर्ण झाल्यावर उष्टावण होतं. खिमट, नाचणीची पेज, वरणाचं पाणी सुरू होतं. ते व्हायलाच हवं, सहा महिन्यांनंतर नुसतं दूध बाळाला पुरत नाही. अन्नाने पोट भरलं की चोखणं कमी होतं, आणि पाळी आली नसली तरी बीज सुटायची शक्यता महिन्यागणिक वाढते. शिवाय सहा महिन्यांनंतर जितकी उशिरा पहिली पाळी येते, तितकी तिच्याआधी बीज सुटलेलं असण्याची शक्यता जास्त. म्हणून उष्टावणाचा दिवस ही शेवटची मुदत. साधन त्याआधी ठरलेलं हवं.

लसीकरणाच्या तारखा यासाठी सोयीच्या आहेत. ६, १० आणि १४ आठवड्यांना बाळाला टोचायला न्यावंच लागतं. सहा आठवड्यांच्या लसीच्या वेळी तिथल्या सिस्टरला साधनांबद्दल विचारा, चौदा आठवड्यांच्या लसीपर्यंत निर्णय घ्या. वेगळा हेलपाटा नको.

पाजणाऱ्या आईला कोणती साधनं चालतात ते पाहू. इथे दिलेली बहुतेक साधनं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

निरोध कधीही चालतो, दुधाशी त्याचा संबंध नाही, आणि नवऱ्याचाही वाटा त्यात असतो. पाजण्याच्या काळात इस्ट्रोजेन कमी असल्याने योनीमार्ग कोरडा राहतो आणि संबंध दुखरा होऊ शकतो. हे कुणी बोलत नाही, पण फार जणींना होतं. औषधाच्या दुकानात पाण्याचं वंगण मिळतं, ते वापरा. खोबरेल तेल निरोधबरोबर वापरू नका, त्याने रबर कमकुवत होतं.

तांबी, म्हणजे कॉपर टी, बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनंतर बसवतात. ३८० ए हा प्रकार दहा वर्षं चालतो, ३७५ पाच वर्षं. तिच्यात संप्रेरकं नसल्याने दुधावर काही परिणाम होत नाही. माझं मत विचाराल, तर पहिल्या मुलानंतर निदान तीन वर्षांचं अंतर हवं असणाऱ्या आणि गोळ्यांची आठवण ठेवणं कठीण जाणाऱ्या बाईसाठी तांबीइतकं निश्चिंत साधन दुसरं नाही. बाळंतपणासाठी दवाखान्यात जाण्याआधीच, म्हणजे गर्भारपणाच्या सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीत, ती ठरवून ठेवली तर बाळंतपणानंतर लगेच बसवता येते. काही जणींना तिच्यामुळे पाळीत रक्त जास्त जातं. आधीच रक्त कमी असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा.

छाया ही गोळी संप्रेरकांची नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ती तयार झाली, बाजारात सहेली या नावानेही मिळते. पाजणाऱ्या आईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची. रविवार आणि बुधवार धरले, तर चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार उरतो. तिच्याने पाळी लांबू शकते, हे आधीच कळलं तर घाबरायला होत नाही. नुकतीच कावीळ झालेली असेल, यकृताचा आजार किंवा पीसीओएस (बीजांडकोशात बारीक गाठी होऊन पाळी बिघडण्याचा आजार) असेल, तर ही गोळी टाळा.

अंतरा हे दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर. पाळी अनियमित होते किंवा थांबते. लवकर दुसरं मूल हवं असेल तर हे घेऊ नका, कारण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी सात ते दहा महिने लागतात.

फक्त प्रोजेस्टेरॉन असलेल्या गोळ्या पाजताना चालतात, मात्र रोज ठरलेल्या वेळी घ्याव्या लागतात. माला-एनसारख्या दोन संप्रेरकांच्या गोळ्या मात्र बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेऊ नका. त्या दूध कमी करू शकतात, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढवतात. औषधाच्या दुकानातून "गर्भनिरोधक गोळी द्या" एवढंच म्हणून आणलेली गोळी बहुधा हीच असते. पाजत असल्याचं दुकानदाराला सांगा.

कुटुंब पूर्ण झालं असेल तर बाईची शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत किंवा सहा आठवड्यांनंतर होते. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी कधीही होते, ती सोपी आहे आणि दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर हलकं काम करता येतं. तिच्यानंतर तीन महिने मात्र दुसरं साधन वापरावं लागतं. बाईने नुकतीच प्रसूती सोसलेली असताना हा वाटा नवऱ्याने उचलावा, असं मला मनापासून वाटतं.

निरोध फाटला किंवा साधनाशिवाय संबंध आला, तर ७२ तासांच्या आत आपत्कालीन गोळी घेता येते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी पाजतानाही चालते, जितकी लवकर तितकी चांगली. पण ते नेहमीचं साधन नव्हे.

सहावी पायरी: पाळी आली, आता काय

पाजणं थांबवू नका. पाळीचं दूध बाळाला बाधतं, हा समज अजून आहे आणि त्यापायी कितीतरी बाळांचं दूध तुटतं. दूध खराब होत नाही. पाळीच्या आधी आणि पहिल्या दोन दिवसांत ते थोडं कमी येऊ शकतं, चव किंचित बदलते, त्यामुळे बाळ कुरकुरतं किंवा जास्त वेळा लागतं. दोन-तीन दिवसांत सगळं पूर्ववत होतं. स्तनाग्रं हुळहुळी होतात, तेही तात्पुरतं.

सुरुवातीच्या पाळ्या अनियमित असतात. एक महिन्याने, मग पन्नास दिवसांनी, मग पुन्हा लवकर. म्हणून या काळात "सुरक्षित दिवस" मोजण्याच्या पद्धतीवर विसंबू नका. ती पद्धत मागच्या नियमित पाळ्यांच्या आधारावर चालते, आणि इथे तशा पाळ्याच नाहीत. सकाळचं तापमान मोजण्याचाही रात्री तीनदा उठणाऱ्या आईला उपयोग नाही.

पाळी येत नाही याचा एक फायदा आहे: रक्त वाचतं, आणि त्याबरोबर लोहही. बाळंतपणानंतरच्या लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात. बऱ्याच जणी सव्वा महिन्यानंतर त्या बंद करतात. बंद करू नका.

दुसरं मूल हवं असेल तर

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की बाळाच्या जन्मानंतर पुढच्या गर्भधारणेचा प्रयत्न करण्याआधी निदान २४ महिने जाऊ द्यावेत. आपल्याकडे दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर सांगतात, ते याच हिशेबात बसतं. सिझर झालं असेल तर गर्भाशयावरची शिवण भरून यायला हा काळ अधिकच महत्त्वाचा.

वय पस्तिशीकडे झुकलंय, थांबता येत नाही, आणि मूल अजून पितंय, अशी अडचण असेल तर पाजणं एकदम तोडायची गरज नसते. आधी रात्रीचं पाजणं कमी करा, मग दिवसातली एकेक वेळ कमी करा. कित्येकींची पाळी एवढ्यानेच सुरू होते. पाळी नियमित झाली आणि तरी वर्षभर दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करा. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. वंध्यत्वावरचे उपचार घ्यायचे असतील, तर पाजणं चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.

शंका आली तर चाचणी कशी करायची

पाळीच नसते, त्यामुळे "पाळी चुकली" हा संकेत मिळत नाही. मळमळ, थकवा, वारंवार लघवी, स्तन दुखणं, दूध अचानक कमी होणं, पित असलेल्या बाळाने तोंड फिरवणं, अशी चिन्हं दिसतात, पण जागरणाने थकलेली बाई त्यांचा दोष जागरणालाच देते. शंका आली की साधनाशिवाय आलेल्या शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी, सकाळच्या पहिल्या लघवीवर चाचणी करा. आशाताईकडे निश्चय नावाचं चाचणी किट मोफत मिळतं. उत्तर "नाही" आलं आणि शंका गेली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा.

दिवस राहिलेच, तर लगेच तपासणी सुरू करा, कारण किती आठवडे झाले हे पाळीवरून मोजता येत नाही, सोनोग्राफीच लागते. गर्भारपण ठीक चालू असेल तर मोठ्या बाळाला पाजत राहता येतं. आधी अकाली प्रसूती झालेली असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर डॉक्टरांना विचारून ठरवा. गर्भ नको असेल, तर सरकारमान्य केंद्रात कायद्याने गर्भपात करता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्याला पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. उशीर मात्र करू नका.

डॉक्टरकडे कधी जायचं

बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी जात असतील, वास येणारा स्राव किंवा ताप असेल, तर वाट बघू नका, त्याच दिवशी जा. बाळाचं दूध पूर्ण तोडून तीन महिने झाले आणि पाळी आली नाही, तर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून घ्या. दूध तोडून सहा महिने उलटल्यावरही स्तनांतून दूध येत असेल, तरी हीच तपासणी.

आणखी एक गोष्ट सांगायची राहते. बाळंतपणात खूप रक्त गेलं, मग दूध आलंच नाही, नंतर पाळीही आली नाही आणि अंगात कायम अशक्तपणा आहे, असं एखाद्या बाईबाबत घडलं असेल, तर मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीला रक्तपुरवठा कमी पडून ती दुखावली असण्याची शक्यता असते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. "हिला दूधच नव्हतं" एवढं म्हणून अशा बायका वर्षानुवर्षं तशाच राहतात. गोळ्यांनी यावर उपचार होतो. बाळंतपणाचा जुना कागद शोधा, त्यात किती रक्त चढवलं ते लिहिलेलं असतं, आणि तो घेऊन संप्रेरकतज्ज्ञाकडे जा.